शत्रूची वंशावळ व शेतकऱ्याचें कर्तव्य

खोंड विकत घेतांना तो कोणत्या वळूचा, कोणत्या गाईचा, याची चौकशी केल्यावांचून जाणता शेतकरी पैसे मोजीत नाहीं. बियाणें घेतांनाहि तें कोणाच्या खळ्यावरचें व कोणत्या जातीचें हें तो विचारतो. परंतु ज्या शत्रूपायीं त्याचें उभें पीक हातचें जातें, त्या तांबेऱ्याची, त्या बोंडअळीची वा त्या उंदराची वंशावळ काय, असें कोणी त्यास विचारलें, तर तो हंसेल. रोग तो रोग व कीड ती कीड, तिची कसली आली आहे वंशावळ, असेंच तो म्हणेल. आमच्या मतें शेतीच्या आजच्या नुकसानीचा बराच वांटा या एका समजुतीच्या पदरीं बांधला पाहिजे. आणि ती समजूत किती महाग पडते हें वाचकांपुढें मांडावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रानांत, गवतांत, पडीक बांधांवर, कोणाच्याहि पाळणुकीवांचून जे प्राणी व ज्या बुरशी नांदतात, त्यांच्या समूहांत कोणते आनुवंशिक गुण किती प्रमाणांत आहेत, ते पिढ्यानुपिढ्या कसे वाढतात वा घटतात, आणि एका मुलखांतील समूह दुसऱ्या मुलखांतील समूहाचा भाऊबंद आहे कीं नाहीं, याचा हिशेब ठेवणारें एक शास्त्र गेल्या शंभर वर्षांत उभें राहिलें आहे. गुणाचें जें सूक्ष्म बीज आईकडून एक व बापाकडून एक असें अपत्यास मिळतें, त्यास जनुक म्हणतात; व हें शास्त्र म्हणजे जनुकांची खातेवही होय. रानटी पतंग व गवतावरील बुरशी यांच्या खातेवह्या लिहिणाऱ्या विद्वानांचा शेतकऱ्याशीं काय संबंध, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. तो संबंध किती जवळचा आहे, हें क्रमानें पाहूं.

प्रथम एक साधें उदाहरण घेऊं. इंग्लंडांत एक पतंग आहे. त्याच्या पांढऱ्या पंखांवर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके असतात, व दगडफुलानें झांकलेल्या सालीवर तो बसला म्हणजे पांखरांच्या नजरेस पडत नाहीं. १८४८ सालीं मँचेस्टर शहरीं या जातीचा एक सर्वस्वीं काळा पतंग सांपडल्याची नोंद आहे. पुढें गिरण्यांच्या धुरानें झाडें काळवंडलीं, दगडफूल मेलें. तेव्हां पांढरा पतंग उघडा पडला व काळा वांचूं लागला. १८९५ सालापर्यंत त्या शहराच्या आसपास शेंकडा ९८ पतंग काळे झाले होते. म्हणजे पन्नास वर्षांच्या आंत एका रानटी प्राण्याचा सारा समूह पालटला. एवढ्या अवधींत एवढा पालट होण्यास काळ्या पतंगाची वंशवृद्धि पांढऱ्याच्या दीडपट असली पाहिजे, असें जे. बी. एस. हाल्डेन यांनीं १९२४ सालीं गणितानें दाखविलें. हेच हाल्डेन १९५७ सालीं आपल्या देशांत येऊन राहिले, येथील नागरिक झाले, व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. इंग्लंडांत हवा शुद्ध राखण्याचा कायदा १९५६ सालीं झाला. धूर जसजसा विरला तसतसा काळा पतंगहि विरळ होत गेला. काळेपणा आणणारा जनुकांतील नेमका फेरफार २०१६ सालीं सांपडला, व तो १८१९ च्या सुमारास प्रथम घडला असावा असा अंदाजहि निघाला.

यांतील मर्म नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. धुरानें पांढऱ्या पतंगास काळा केला नाहीं. काळा पतंग धुराच्या जोरापूर्वींच कोठें तरी एखाददुसरा होता. धुरानें फक्त त्याची निवड केली. औषधाचा मारा करकरून कीड निर्ढावते, तिला विष पचूं लागतें, असें आपण बोलतों. पण तें बोलणें बरोबर नाहीं. कोणतीहि एक अळी निर्ढावत नाहीं. समूहांत ज्या थोड्या अळ्यांस जन्मतःच विष बाधत नव्हतें, तेवढ्या मागें राहतात व बाकीच्या मरतात. पुढची पिढी त्या उरलेल्यांची. वळू निवडून आपण जसा गोठा सुधारतों, तसाच फवाऱ्याच्या नळीनें आपण शत्रूचा गोठा सुधारीत असतों. फरक इतकाच कीं, पहिलें काम आपण समजून उमजून करतों व दुसरें डोळे झांकून.

शत्रु आपल्याच घरांतील गुणांवर भागवितो असेंहि नाहीं. प्रसंगीं तो सोयऱ्यांकडून उसनवारी करतो. उंदीर मारण्यासाठीं वॉरफरिन नांवाचें, रक्त गोठूं न देणारें विष गेल्या शतकाच्या मध्यापासून प्रचारांत आलें. दहा वर्षेंहि पुरतीं लोटलीं नाहींत, तों १९५८ सालीं स्कॉटलंडांत त्यास न जुमानणारे उंदीर आढळले. पुढें जर्मनी व स्पेन या देशांतील घरउंदरांची तपासणी झाली, तेव्हां त्यांतील कित्येकांच्या अंगीं विष पचविणारा जो जनुक निघाला, तो घरउंदराचा नव्हताच. तो अल्जेरियाच्या बाजूस व स्पेनांत शेतांतून राहणाऱ्या एका निराळ्याच जातीच्या रानउंदराचा होता. या दोन जातींचा संकर क्वचित् होतो व त्यांतील बहुतेक नर वांझ निपजतात. तरीहि कधीं काळीं झालेल्या अशा एका सोयरिकीतून तो जनुक घरउंदरांत शिरला, आणि विषाचा वापर सुरू होतांच त्याचें सोनें झालें. हा शोध २०११ सालीं प्रसिद्ध झाला. बांधावरच्या रानटी जीवाशीं आम्हांस काय करावयाचें आहे, असें म्हणणारांनीं या उंदराकडे पाहावें.

आतां बुरशीकडे वळूं. कारण शेतकऱ्याचे अत्यंत जुने वैरी तेथेंच आहेत. गव्हावरील तांबेरा, ज्यास कोणी गेरवा म्हणतात, ही एक बुरशी आहे. युरोपांत तिचें अर्धें आयुष्य गव्हावर व अर्धें बार्बेरी नांवाच्या कांटेरी झुडपावर जातें. ही बार्बेरी आपल्या दारुहळदीच्या कुळांतील. फ्रान्सांतील रूआँ येथें १६६० सालींच बार्बेरी तोडण्याचा कायदा झाला होता. शेतकऱ्यांच्या अनुभवाचें तें फळ. त्यामागचें कारण अँटन द बारी या शास्त्रज्ञानें १८६५ सालीं सिद्ध केलें. बार्बेरीवर तांबेऱ्याचें लग्न लागतें, म्हणजे निरनिराळ्या कुळांच्या गुणांची तेथें सरमिसळ होऊन नव्या जाती निपजतात. अमेरिकेनें १९१८ सालापासून बार्बेरी उपटण्याची मोठी मोहीम काढली, तेव्हां तांबेऱ्याचा प्रादुर्भाव तर कमी झालाच, पण त्याच्या जातींची विविधताहि घटली.

आपल्या देशांत निराळेंच घडतें, हें आग्रा कॉलेजांतील प्रोफेसर के. सी. मेहता यांनीं वर्षानुवर्षें खपून दाखवून दिलें. मैदानी मुलखाच्या उन्हाळ्यांत तांबेऱ्याचे बीजाणु जगत नाहींत. येथें बार्बेरीचाहि कांहीं संबंध पोंचत नाहीं. थंड डोंगरांतील अवेळीं उगवलेल्या गव्हावर तांबेरा तग धरतो, व तेथून वाऱ्यावर स्वार होऊन मैदानांत उतरतो. मध्य हिंदुस्थान व दख्खन या भागांतील काळा तांबेरा मुख्यतः नीलगिरीच्या बाजूनें येतो. म्हणजे आपल्या शेतांतील रोगाचें माहेर शेंकडों कोस दूर आहे. १९४६-४७ च्या हंगामांत मध्य हिंदुस्थानांत याच तांबेऱ्यानें गव्हाची दाणादाण उडविली. सिमल्यास, नीलगिरींतील वेलिंग्टन येथें व आपल्या महाबळेश्वरास गव्हाच्या तांबेऱ्याचा अभ्यास करणारीं केंद्रें कां आहेत, याचा उलगडा यावरून होईल. थंड हवेच्या ठिकाणीं हीं केंद्रें स्थापण्यांत कोणाची चैन नाहीं. शत्रूच्या माहेरीं व माहेराच्या वाटेवर ठेवलेल्या त्या चौक्या आहेत.

या चौक्यांस आज कोणत्या शत्रूशीं गांठ आहे तेंहि सांगितलें पाहिजे. १९९८ सालीं युगांडा देशांत तांबेऱ्याची एक नवी जात आढळली. पुढच्या वर्षावरून तिला यूजी ९९ हें नांव मिळालें. राय नांवाच्या धान्यापासून गव्हांत आणलेला एक प्रतिकारक जनुक जगांतील अनेक वाणांस कित्येक वर्षें तांबेऱ्यापासून राखीत होता. तोच या जातीनें निकामी केला. ती केनिया, इथिओपिया, सुदान व येमेन असा प्रवास करीत २००७ सालीं इराणांत पोंचल्याचें जाहीर झालें. पण ती उपजली कोठून? तांबेऱ्याच्या गव्हावरील प्रत्येक पेशींत एक सोडून दोन केंद्रकें असतात, व प्रत्येकांत जनुकांचा पुरा संच असतो. ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या दोन्ही संचांचें वाचन निरनिराळें केलें, आणि २०१९ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, यूजी ९९ मधील एक केंद्रक आफ्रिकेंतील एका जुन्या तांबेऱ्याच्या केंद्रकाशीं जवळजवळ तंतोतंत जुळतें. हा जुना तांबेरा १९५४ सालींच ऑस्ट्रेलियांत पोंचलेला होता. म्हणजे दोन निरनिराळ्या तांबेऱ्यांचे तंतू एकमेकांस भिडून त्यांनीं सबंध केंद्रकांचीच अदलाबदल केली होती. बार्बेरी नाहीं, लग्न नाहीं, तरी संसार झाला! ज्या मुलखांत बार्बेरी नाहीं तेथें नवा तांबेरा निपजण्याची भीति थोडी, या समजुतीस त्यामुळें मोठाच धक्का बसला. व हें ज्ञान वंशावळ वाचल्यावांचून कधींहि हातीं आलें नसतें.

दुसरी बुरशी करप्याची. भातावरील करपा आपल्या कोंकणांत व मावळांत कोणास सांगावयास नको. याच बुरशीच्या भावकींतील एक शाखा १९८५ सालीं ब्राझील देशाच्या पाराना प्रांतांत गव्हावर आली. त्यापूर्वीं गहू तिच्या तावडींत नव्हता. हा प्रकार कसा घडला, याचा उलगडा २०१७ सालीं झाला. गव्हाच्या बहुतेक वाणांत एक जनुक असा असतो कीं, तो गवतावरील करप्यास ओळखून दाराबाहेर ठेवतो. ब्राझीलमध्यें हा राखणदार जनुक नसलेला एक वाण विस्तीर्ण क्षेत्रावर पेरण्यांत आला. गवतावरच्या करप्यास उघडें दार मिळालें. त्या वाणावर तो वाढला, आणि वाढतां वाढतां राखणदारास चुकविण्याची युक्ति ज्यांस साधली होती अशीं कुळें पुढें इतर गव्हांवरहि चालून गेलीं. बुरशीनें दार फोडलें नाहीं. दार पेरणारांनींच उघडें टाकलें होतें.

पुढें २०१६ च्या फेब्रुवारींत हा रोग बांगलादेशांत अवचित उद्भवला व सुमारें १५,००० हेक्टर गहू त्याच्या तडाख्यांत सांपडला. तेथील शेतांतून करपलेल्या ओंब्या उचलून त्यांतील बुरशीचा आनुवंशिक मजकूर थोड्या आठवड्यांत वाचला गेला व तो सर्वांस खुला केला गेला. तेव्हां हा रोग आशियांतील भाताच्या करप्यापासून निपजलेला नसून दक्षिण अमेरिकेंतून आलेला आहे असें ठरलें. आपल्याकडे पश्चिम बंगालच्या सरकारनें २०१७ सालीं नदिया व मुर्शिदाबाद या सीमेलगतच्या जिल्ह्यांत गव्हाची पेरणीच बंद ठेवविली. आफ्रिकेंतील झांबिया देशांत २०१८ सालीं हाच रोग आला. बांगलादेशांतील व झांबियांतील बुरशी एकाच कुळीची असून ती दोन्हीकडे स्वतंत्रपणें जाऊन पोंचली, हें २०२३ सालीं सिद्ध झालें. त्याच संशोधनांत आणखी एक गोष्ट निघाली, ती नाचणी पिकविणारांनीं लक्षांत ठेवावी: झांबियांतील ही बुरशी आफ्रिकेंतील नाचणीवरच्या करप्याशीं प्रयोगशाळेंत संकर करूं शकते. तशी सोयरीक शेतांत जुळली, तर काय निपजेल तें सांगतां येत नाहीं. वंशावळ ठाऊक असल्याचा उपयोग तो हाच. कोणत्या बंदरावर पहारा ठेवावा, कोणता प्रतिकारक जनुक अजून कामास येईल, व कोणती सोयरीक टाळली पाहिजे, हें संकट दारीं येण्यापूर्वीं कळतें.

परदेशांतील या गोष्टी ऐकून कोणी म्हणेल कीं, आमच्या काळ्या रानांत याचें काय? त्याचें उत्तर वऱ्हाड-खानदेशांतील कपाशीनें दिलेलें आहे. मातींतील एका जिवाणूचा, अळीस मारक असा जनुक घातलेली बीटी कपाशी आपल्या देशांत २००२ सालीं आली, व दोन जनुकांची २००६ सालीं. प्रारंभीं तिनें बोंडअळ्यांचा बंदोबस्त उत्तम केला, हें कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु २०१० सालीं गुजरातेंतील शेंदरी बोंडअळी एक जनुकाच्या कपाशीस जुमानीत नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. २०१४-१५ च्या सुमारास दोन जनुकांचीहि तीच गत झाली. आणि २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांत डोमकळ्या, किडकीं बोंडें व कवडी कापूस यांनीं घरोघरीं रड उडाली. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. ज्या कपाशीनें फवाऱ्याचा खर्च वांचवावयाचा तिच्यावरच फवारणी करतांना माणसें मरावीं, याहून मोठी नामुष्की कोणती?

हें टळणारें होतें. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या कपाशीचें बी मिळत असे, तें भोंवतालीं ओळींनीं पेरावें असा नियम होता. गांवोगांवीं त्यास 'रेफ्युजी' म्हणतात. आम्ही त्यास आश्रयपीक म्हणूं. हें पीक कोणास आश्रय देतें? अळीस. मग शत्रूस आश्रय कां द्यावा, असें शेतकऱ्यास वाटलें तर त्यांत नवल नाहीं. कारण त्यामागचा हिशेब त्यास कोणी समजावून दिला नाहीं. तो हिशेब असा:

समजा, एका तालुक्यांतील बोंडअळ्यांच्या समूहांत विषास न जुमानणारा जनुक शंभरांत एक या प्रमाणांत आहे. प्रत्येक अळीस जनुकाच्या दोन प्रती मिळतात. दोन्ही प्रती तशाच असण्याचा योग दहा हजारांत एक. आणि एक प्रत तशी व एक साधी, अशा अळ्या दहा हजारांत १९८. ही गणिताची रीत हार्डी व वाइनबर्ग या दोघांनीं १९०८ सालीं स्वतंत्रपणें घालून दिली. शेंदरी बोंडअळींत हा गुण दबता आहे. म्हणजे एकेरी प्रत असलेल्या त्या १९८ अळ्याहि बीटीच्या बोंडांत मरतात, वांचते ती एकच. आतां सारें शिवार बीटीचें असेल, तर वांचलेल्या पतंगास जोडीदार मिळतो तोहि वांचलेलाच, व त्यांची सर्व संतति दुहेरी प्रतींची, विषास न मोजणारी. परंतु जवळच साध्या कपाशीच्या ओळी असल्या, तर त्यांत हजारों साधे पतंग निपजतात. वांचलेल्या एकाची जोडी त्यांच्यापैकींच कोणाशीं तरी जमते. संतति एकेरी प्रतीची होते, आणि पुढच्या पिढींत बीटीच्या बोंडांतच खपते. आश्रयपिकांतील चार बोंडें अळीस देऊन सबंध शिवारांतील कपाशी राखावयाची, असा हा सौदा आहे. सावकाराच्या व्याजाहून तो नक्कीच स्वस्त होता.

हें केवळ कागदावरचें गणित नव्हे. अमेरिकेंतील अॅरिझोना प्रांतांत १९९६ सालापासून बीटी कपाशी आहे. तेथें शेतकऱ्यांनीं आश्रयपीक नेमानें लावलें. शेतांतून धरलेल्या हजारों किड्यांचा डीएनए तपासून विषास न जुमानणारे जनुक वाढतात कीं काय यावर पाळत ठेवली, व तसे जनुक वाढले नाहींत. २००६ सालापासून वंध्य केलेले पतंग विमानांतून सोडण्यांत आले. आणि २०१८ सालीं अमेरिकेच्या कापूसपट्ट्यांतून शेंदरी बोंडअळी नाहींशी झाल्याचें तेथील सरकारनें जाहीर केलें. चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यांत शेतकरी संकरित कपाशीच्या दुसऱ्या पिढीचें स्वस्त बी पेरूं लागले. त्यांत शेंकडा पंचवीस झाडें आपोआप साधीं निघत. हेंच आश्रयपीक ठरलें, व बोंडअळीच्या अंगचा विरोध वाढण्याऐवजीं ओसरला, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. तीच अळी, तेंच विष. आपल्याकडे निकाल मात्र उलटा लागला.

सर्व दोष शेतकऱ्याच्या माथीं मारावा, असें मात्र आम्हांस बिलकुल वाटत नाहीं. आश्रयाचें बी पुष्कळदां चांगलें उगवत नव्हतें व मुख्य कपाशीच्या बरोबरीनें फुलत नव्हतें, अशी तक्रार सर्वत्र होती. दीर्घ मुदतीचे संकरित वाणच बाजारांत भरले, त्यामुळें अळीस महिनोन् महिने चारा मिळत राहिला. भारतांतील शेतांतून आणलेल्या बोंडअळ्यांत एकाच जनुकाच्या आठ निरनिराळ्या बिघडलेल्या प्रती सांपडल्याचें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे हा विरोध कोणा एका गांवच्या गफलतीनें उपजून पसरला असें म्हणतां येत नाहीं. जेथें जेथें सारखी निवड झाली तेथें तेथें तो उपजला. बी विकणारे, नियम करून स्वस्थ बसणारे, व तें लहान पाकीट बांधावर टाकून देणारे आपण, असे तिघेहि या पापाचे वांटेकरी आहोंत. अलीकडे आश्रयाचें बी मुख्य बियाण्यांतच मिसळून देण्याची रीत निघाली आहे, ती योग्यच आहे; पण समूहांत विरोध एकदां भरून राहिल्यावर ती पूर्वीइतकी फळेल अशी आशा धरतां येत नाहीं. जनुकाचें प्रमाण शंभरांत एक असतांना जें काम चार ओळींनीं होतें, तें प्रमाण निम्म्याच्या वर गेल्यावर चाळीस ओळींनींहि होत नाहीं.

यावर एक आक्षेप येतो, व तो खरा आहे. आश्रयपीक मीं लावावें, नुकसान मीं सोसावें, आणि फायदा शेजाऱ्यास व्हावा, हा कोठचा न्याय? आमचें उत्तर असें कीं, पतंगास बांध कळत नाहीं व बीजाणूस तालुका कळत नाहीं. म्हणून या बाबतींत एकट्याच्या शहाणपणास किंमत नाहीं आणि एकट्याच्या मूर्खपणास मात्र सर्वांनीं किंमत मोजावी लागते. पण सामाईक शिस्त आपल्या लोकांस नवी नाहीं. पांझरेच्या कांठीं फडपद्धतीनें बागाईत करणारे शेतकरी पाण्याची पाळी, पाटांतील गाळ काढण्याचें काम व फडाचें पीक हें सर्व मिळून ठरवीत आले आहेत, व पाळी मोडणाऱ्यास त्यांच्यांत मान नसतो. पाण्याविषयीं जें साधलें तें किडीविषयीं कां साधूं नये? अळीचा भोळा समूह हीदेखील पाण्यासारखीच गांवची सामाईक ठेव आहे; ती आपण एका पिढींत उधळून बसलों.

तेव्हां करावयाचें काय? आमच्या मतें आपल्या संघानें तीन गोष्टी अंगावर घ्याव्या. पहिली गोष्ट, कोणत्याहि पिकाचा एकच वाण व कोणत्याहि किडीवर एकच औषध सबंध शिवारांत चालूं देऊं नये. पेरणीपूर्वीं गांवच्या सभेंत वाणांची व आश्रयपिकाची वांटणी ठरवावी, फरदड घेऊं नये, पऱ्हाटी वेळेवर उपटून शेत मोकळें करावें. ज्या गरीब कुळास आश्रयपिकाची झीज सोसवत नाहीं, त्याची भरपाई गांवानें वर्गणींतून करावी. मोठ्या जमिनीच्या धन्यांवर हा भार अधिक असावा, कारण रक्षणाचा लाभहि त्यांसच अधिक होतो. दुसरी गोष्ट, शेतांत अनोळखी तांबेरा, करपा वा अळी दिसली तर ती नुसती जाळून वा फवारून मोकळें होऊं नये. तिचा नमुना कागदी पाकिटांत घालून गांव, तारीख व वाण लिहून जवळच्या संशोधन केंद्राकडे पाठवावा. बांगलादेशच्या करप्याचें मूळ सांपडलें तें शेतांतून उचललेल्या करपलेल्या ओंब्यांवरून. नमुना पाठविणाऱ्या शेतकऱ्याच्या हातावांचून कोणाहि पंडितास वंशावळ लिहितां येत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. ज्या वर्षीं तांबेरा येत नाहीं त्या वर्षीं तांबेऱ्याच्या चौकीवरील खर्च व्यर्थ वाटतो. रानटी गवतावरील बुरशी गोळा करणारा वा पतंगांच्या पिढ्या मोजणारा शास्त्रज्ञ हा रिकामटेकडा वाटतो, आणि पैशाची ओढ लागली कीं पहिली कात्री तेथेंच लागते. पावसाळा कोरडा गेला म्हणून कोणी धरणाच्या भिंतीची डागडुजी बंद करीत नाहीं. संघानें आपल्या प्रतिनिधींमार्फत व कृषिखात्यामार्फत सरकारास स्पष्ट बजावलें पाहिजे कीं, हें काम सांथीच्या वर्षापुरतें नसून बारमाहीचें आहे. त्यास लागणारा पैसा कायमचा असावा. आणि त्याचे निष्कर्ष मराठींत, पेरणीपूर्वीं, शेतकऱ्याच्या हातीं पडावे. आश्रयपिकाचा हिशेब जर २००२ सालीं गांवोगांवच्या चावडीवर कोणी समजुतीच्या भाषेंत सांगितला असता, तर तें लहान पाकीट इतक्या बेफिकिरीनें बांधावर पडलें नसतें, अशी आमची खात्री आहे.

निसर्गांतील कोणताहि जीव आपल्यावर दावा धरून येत नाहीं. आपण जें पेरतों, जें फवारतों व जें पेरावयाचें टाळतों, त्याच्या मापानें त्याचे समूह घडतात. पतंग काळा झाला, उंदरानें विष पचविलें, करप्यास गव्हाची वाट सांपडली, बोंडअळी बीटीस भीनाशी झाली; या चारी ठिकाणीं निवड करणारा हात माणसाचा होता. त्याच हातानें निराळी निवड करतां येते, हें अॅरिझोनाच्या शेतकऱ्यांनीं दाखवून दिलें. कपाशींत पहिली संधि आपण गमाविली. पण उद्यां येणाऱ्या नव्या वाणांच्या, नव्या औषधांच्या व गव्हा-नाचणीच्या बाबतींत ती अजून आपल्या हातीं आहे. येत्या मृगापूर्वीं प्रत्येक गांवच्या शाखेनें एक सभा भरवून एवढा एकच विषय तींत घ्यावा, अशी आमची आपल्या वाचकांस आग्रहाची विनंति आहे.